वीस मिनिटांचं भाषण आणि एक काचेची नळी: एका सेवा क्लबचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोकणातलं तालुक्याचं गाव. एक बाजारपेठ, एक महाविद्यालय, ग्रामीण रुग्णालय, आणि चहूबाजूंनी डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. इथे एका आंतरराष्ट्रीय सेवासंस्थेचा क्लब बरीच वर्षं चालू आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं, क्लबचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, काही तपशीलही बदलले आहेत. त्या वर्षी मी क्लबच्या कार्यक्रम समितीचा प्रमुख होतो. दर सोमवारच्या सभेसाठी वक्ता शोधणं हे माझं काम.

सभासद चाळिसेक. डॉक्टर, वकील, सीए, दुकानदार, आंबा बागायतदार, दोन शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले तिघं. सभेचा शिरस्ता ठरलेला: अध्यक्षांनी घंटा वाजवायची, महिन्यातले वाढदिवस, सचिवांच्या सूचना, पाहुण्यांची ओळख, वीस मिनिटं भाषण, दोन-तीन प्रश्न, आभार, शाल-श्रीफळ, फोटो आणि जेवण.

बाहेरच्या जाणत्या माणसाला बोलावून ऐकणं ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, म्हणजे शिकागोत १९०५ साली पहिला रोटरी क्लब निघण्याच्या तीस वर्षं आधी. पण सेवा क्लबातल्या भाषणाचा एक वेगळा वारसाही आहे. १९२५ साली अमेरिकेत ओहायोमधल्या सीडर पॉइंट इथे लायन्स या सेवासंघटनेच्या अधिवेशनात हेलन केलर बोलल्या; स्वतः अंध आणि बहिऱ्या असलेल्या लेखिका. त्यांनी लायन्सना अंधांच्या बाजूने उभं राहायला सांगितलं, त्यांच्याकडे थेट मागणं मागितलं. त्यानंतर डोळ्यांचं काम ही त्या संघटनेची ओळख झाली. आपल्या कितीतरी गावांतली मोतीबिंदूची शिबिरं याच वाटेवरची आहेत. एका पाहुण्या वक्त्याच्या भाषणाने एवढं होऊ शकतं, हे मला त्या वर्षी वारंवार आठवत राहिलं.

अडचण कुठे होती

पद घेतल्यावर मी मागच्या वर्षीची दोन रजिस्टरं शेजारी ठेवून वाचली. एक वक्त्यांचं, दुसरं उपक्रमांचं. वक्त्यांमध्ये शेअर बाजार, योग, यशाचा कानमंत्र, मधुमेह, एका सभासदाची युरोपवारी. उपक्रमांमध्ये वह्यावाटप, वृक्षारोपण, रक्तदान, गणवेशवाटप. दोन्ही याद्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. मधुमेहावर उत्तम भाषण झालं होतं, पण त्यानंतर कुणाची साखर तपासली गेली नव्हती. वृक्षारोपण ज्या उताराला झालं, तिथेच त्याआधीच्या दोन वर्षीही झालं होतं.

उपस्थिती पंधरावर आली होती, आणि त्यातलेही काही जण जेवणाच्या वेळेला यायचे. सभासद वाईट नव्हते. रक्त लागलं तर मध्यरात्री उठून जाणारी ही माणसं. पण सोमवारी ऐकलेल्या गोष्टीचं मंगळवारी काय करायचं, हे त्यांना कुणी विचारतच नव्हतं.

ती सोमवारची संध्याकाळ

मे महिन्याच्या मध्यावर मी ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावलं. विषय सर्पदंश. पाऊस तोंडावर होता म्हणून हा विषय घेतला. एरवी तो डिसेंबरातही ठेवला गेला असता.

डॉक्टर आले ते खिशात एक काचेची नळी घेऊन. ओळख करून देणं चालू असतानाच त्यांनी सोबतच्या नर्सकडून स्वतःच्या हातातून थोडं रक्त काढून घेतलं, दोन मिलिलिटर असेल. ते नळीत घातलं, नळी पाण्याच्या ग्लासात उभी केली आणि म्हणाले, "ही आता कुणी हलवायची नाही." मग बोलायला लागले.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा संशोधकांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, माणसं जातात ती मुख्यतः या चौघांच्या दंशाने. प्रतिविष या चारही सापांवर एकच असतं, ते घोड्यांच्या रक्तापासून करतात, आणि लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकंच द्यावं लागतं, कारण साप माणसाचं वय बघून विष कमी ओतत नाही. मण्यार रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नसते, कधी दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, मग श्वास अडकायला लागतो. फुरशाचं वेगळं. ते कातळावर, गडग्याच्या दगडात, पातेऱ्यात म्हणजे वाळल्या पाल्यात असतं. भाजावळीसाठी, म्हणजे लावणीआधी जमीन भाजायला, पातेरा गोळा करताना हात घातला की हाताला चावतं, आणि रक्त गोठायचं थांबतं.

भाषण संपताना त्यांनी घड्याळ पाहिलं, वीस मिनिटं झाली होती. नळी उचलून हळूच तिरकी केली. रक्त खरवसासारखं घट्ट झालं होतं, जागचं हललं नाही. "फुरसं किंवा घोणस चावलेल्याच्या नळीतलं रक्त वीस मिनिटांनीही पाण्यासारखं वाहतं. तपासणी एवढीच आहे. नळी काचेची हवी, कोरडी हवी, साबणाने धुतलेली नको. वीज नसली तरी होते." त्यांनी नळी पहिल्या रांगेत दिली आणि ती हातोहात मागपर्यंत गेली. त्या वर्षात पहिल्यांदाच सभागृहात कुणाचा मोबाइल वर नव्हता.

आभाराच्या आधी मी एक प्रश्न विचारला. तो विचारायचा हे मी आधीच ठरवून आलो होतो: "डॉक्टर, आमच्याकडून तुम्हाला काय हवं?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "औषध माझ्याकडे आहे. रुग्ण माझ्याकडे वेळेवर नाही. लोक आधी भगताकडे जातात. रात्री गाडी मिळत नाही. आणि माणसं जमिनीवर झोपतात. या तिन्हींतलं एक जरी तुम्ही केलंत तरी पुष्कळ."

समोरचे पर्याय

पुढच्या सोमवारी चर्चा झाली. चार मतं पडली.

एक, प्रतिविषाच्या कुप्या विकत घेऊन रुग्णालयाला द्यायच्या. हे सगळ्यांना आवडणारं होतं. धनादेश, फोटो, बातमी. पण सरकारी पुरवठा चालू होता आणि खुद्द डॉक्टरांनी औषध आहे म्हणून सांगितलं होतं.

दोन, शाळाशाळांतून जनजागृती. सोपं आणि स्वस्त. पण लावणीच्या दिवसांत शाळेत बसलेल्या मुलांपेक्षा शेतात वाकलेल्या त्यांच्या आया जास्त धोक्यात होत्या.

तीन, गमबूट. आमचे एक सभासद कृषी सेवा केंद्र चालवतात. खरेदीच्या भावात देतो म्हणाले. डॉक्टरांनी भाषणात गमबुटाचा एकदा उल्लेख केला होता.

चार, रात्रीच्या गाडीची व्यवस्था. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी सुचवलं. यात विकत घेण्यासारखं काही नव्हतं, फक्त वाडीवाडीत जाऊन माणसांशी बोलायचं होतं. त्यामुळे चर्चा तिथेच थांबली.

आम्ही गमबूट निवडले. मी स्वतः त्या बाजूने हात वर केला होता. आज तो निर्णय मला स्पष्ट दिसतो: डॉक्टरांनी तीन गोष्टी मागितल्या आणि आम्ही चौथी दिली, कारण ती दुकानात मिळत होती.

पहिला निर्णय: गमबूट

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दोन वाड्यांमध्ये वाटप झालं. साठ जोड. बॅनर, पाहुणे, चहा.

जुलैत लावणी जोरात असताना मी आणि कृषी केंद्राचे आमचे मित्र एका वाडीत गेलो. शेतात बारा-तेरा बाया होत्या, सगळ्या अनवाणी. एका काकींना विचारलं. त्यांनी काही न बोलता बांधावरचे बूट पायात घातले आणि खाचरात उतरल्या. चौथ्या पावलाला पाय वर आला, बूट चिखलातच राहिला. वरून पाणी शिरून तो भरला. त्यांनी दोन्ही हातांनी ओढून काढला तेव्हा डुबुक असा आवाज झाला. "आम्ही उलटं चालतो लावताना," त्या म्हणाल्या, "हे घालून मागे पाय टाकता येत नाही." रोपांच्या मुठी बाजूला ठेवून त्या हे आम्हाला समजावत होत्या आणि पाऊस धो धो पडत होता.

आमच्यापैकी निम्म्या जणांच्या घरची भातशेती आहे. पण लावणीला आम्ही स्वतः उतरलो नव्हतो, त्यामुळे हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. एक जोड आधी एका बाईला एका दिवसासाठी दिला असता तर कळलं असतं. बूट निरुपयोगी होते असंही नाही. गवत कापताना, बागेत, कातळावर ते चालतात. पुढे आम्ही ते परत मागून बागांमध्ये काम करणाऱ्यांना दिले. परत मागताना संकोच वाटला, पण बायांनी आनंदाने दिले.

दुसरा निर्णय: भगताशी बोलायचं की तक्रार करायची

तोवर १ जुलै उलटून गेला होता. सेवा क्लबांचं वर्ष जुलैला सुरू होतं, अध्यक्ष बदलतात, आणि बहुतेक कामं तिथेच संपतात. नव्या अध्यक्षांच्या मनात मुलींच्या सायकलींचा प्रकल्प होता, आणि तो चांगलाच होता. त्यांना भेटून मी काचेच्या नळीची आठवण दिली. त्या दिवशी ते तिसऱ्या रांगेत होते. म्हणाले, "सायकली होतील. हेही चालू ठेवू. पण या वेळी खरेदी नाही." ही अट त्या वर्षातली सगळ्यात उपयोगी ठरली.

मग डॉक्टरांच्या मूळ यादीकडे परत आलो. पहिली गोष्ट भगत. एका वाडीत सत्तरीचे एक आजोबा साप उतरवायचे. आजूबाजूच्या पाच-सहा वाड्यांतून त्यांच्याकडे लोक येत.

यावर क्लबात खडाजंगी झाली. आमचे वकीलसाहेब म्हणाले, कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्रातल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. तक्रार करा, प्रश्न मिटेल. शिक्षक सभासदाचं म्हणणं वेगळं होतं. तक्रार झाली तर आजोबा थांबतील, पण लोक लपूनछपून दुसऱ्याकडे जातील, आणि क्लबचं तोंड बघणार नाहीत. शिवाय आजोबा पैसे घेत नव्हते.

दोन्ही बाजूंत तथ्य होतं. शेवटी ठरलं की आधी भेटायचं, डॉक्टरांना सोबत न्यायचं, आणि कायदा काय आहे तेही लपवायचं नाही.

ओसरीवर बसून दीडेक तास बोलणं झालं. डॉक्टरांनी आजोबांना खोटं पाडलं नाही. विचारलं, "आजोबा, तुमच्या हातून किती सुटले आणि किती गेले?" आजोबांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की बरेच सुटतात, पण पापणी पडलेला एकही सुटला नाही. डॉक्टर म्हणाले, "बरेच सुटतात, कारण बरेच साप बिनविषारी असतात. पापणी पडलेला माझ्याकडे वेळेत आला तर सुटतो." वकीलसाहेबांनी कायदा दोन वाक्यांत सांगितला. आजोबा बराच वेळ अंगणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी गाडीत बसून येतो. जे म्हणायचं ते वाटेत म्हणेन. वेळ मोडणार नाही."

वकीलसाहेबांना हे पूर्ण पटलं नाही. गाडीत बसून म्हटलेला मंत्र हा मंत्रच, आणि क्लबने त्याला मान दिल्यासारखं होतं, असं त्यांचं मत आजही आहे. मला ते चूक वाटत नाही. पण त्या पावसाळ्यात रुग्ण आधी गाडीत बसणं हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं, आणि अजूनही वाटतं.

गाडीचं काम त्यामानाने साधं. निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी स्वतः सात वाड्या पालथ्या घातल्या. प्रत्येक वाडीत रात्री निघायला तयार असलेल्या तिघांचे नंबर, शिवाय १०८, असं समाजमंदिराच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून घेतलं. आशाताईंकडे तीच यादी. डिझेलचा खर्च क्लब देणार, पावती नसली तरी.

तिसरा निर्णय: आपल्या बागा

डॉक्टरांची तिसरी गोष्ट, जमिनीवरची झोप, हिच्यावर मात्र क्लबात कुणी बोलत नव्हतं. ऑगस्टमधल्या एका सभेत आमच्यातल्याच एका बागायतदाराने विषय काढला. इथल्या आंबा बागांमध्ये नेपाळी कामगार असतात. हंगामात कुटुंबासह बागेतल्या खोपीत राहतात, काही जण वर्षभर राखणीला असतात. तो म्हणाला, "वाडीतल्या लोकांना आपण खाटेवर झोपा म्हणून सांगतोय. माझ्या बागेतला माणूस, त्याची बायको आणि दोन मुलं जमिनीवर झोपतात. मी कधी बघितलंच नाही."

सभागृह शांत झालं. सभासदांपैकी नऊ जणांच्या बागा होत्या. ठराव वगैरे काही झाला नाही. पुढच्या महिन्याभरात सात बागांमध्ये खाटा गेल्या, मच्छरदाण्या गेल्या (गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी सापालाही अडवते), एकेक विजेरी गेली. खोपीला टेकून रचलेली लाकडं दूर हलवली. दोन बागायतदारांनी केलं नाही. त्यांच्यावर कुणी सक्ती केली नाही, पण माझ्या मते करायला हवी होती. क्लबच्या नावाने दुसऱ्यांना सांगायचं आणि स्वतःच्या बागेत तसंच ठेवायचं, हे मला मान्य नाही.

परिणाम

ऑक्टोबरात भातकापणीत एका माणसाला भारा उचलताना फुरसं चावलं, हाताला. पूर्वीच्या सवयीने कुणीतरी दोरी आणली. शेजारच्या मुलाने ती बांधू दिली नाही, अंगठी काढली, हात न हलवता ठेवायला सांगितलं, आणि भिंतीवरच्या पहिल्या नंबरला फोन लावला. आजोबा गाडीत होते. रुग्णालयात नळीतलं रक्त गोठलं नाही, प्रतिविष सुरू झालं. चौथ्या दिवशी माणूस घरी आला.

दुसरी घटना त्याआधीची, सप्टेंबरातली, आणि तिची सल अजून आहे. एका वाडीत पहाटे एका बाईच्या पोटात दुखायला लागलं. घरच्यांनी पित्त समजून सोडा दिला. सापाची शंका आली होती, पण अंगावर दाताच्या दोन खुणा सापडल्या नाहीत म्हणून ती सोडून दिली. नऊ वाजता बोलणं जड झालं तेव्हा गाडी बोलावली. तिथून जिल्हा रुग्णालय, कृत्रिम श्वासावर तीन दिवस. त्या वाचल्या.

खुणा का शोधल्या? कारण आम्ही लावलेल्या फलकावर फणा काढलेला नाग आणि त्याखाली दोन ठिपके असं मोठं चित्र होतं. ते कुठूनतरी घेतलेलं, दिसायला छान. डॉक्टरांना दाखवून घ्यायचं राहून गेलं होतं. भाषणात मण्यारीबद्दल नेमकं जे सांगितलं होतं त्याच्या उलट आमचा फलक सांगत होता. आठ दिवसांत सगळे फलक काढले. नव्या फलकावर चित्र नाही, मोठ्या अक्षरात चार ओळी आहेत, आणि पहिली ओळ: पावसाळ्यात पहाटे अचानक पोटदुखी, पापण्या जड, तर खूण न शोधता दवाखाना.

गाड्यांच्या यादीतही गळती झाली. दिवाळीपर्यंत तीन नंबर बंद पडले होते, कारण मुलं मुंबईला गेली. यादी दर दोन महिन्यांनी तपासायची हे तेव्हा ठरलं.

मृत्यू कमी झाले असा दावा मी करणार नाही. सात वाड्या आणि एक पावसाळा यावरून तसं म्हणता येत नाही. डॉक्टरांचं निरीक्षण एवढंच, की या वाड्यांतून येणारे रुग्ण आता आवळपट्टी न बांधता, जखम न कापता येतात.

सभेची उपस्थिती पंचविसाच्या वर गेली. वक्ता ठरवताना आता तीन प्रश्न विचारले जातात: हा विषय या महिन्यात का, पाहुण्यांचं मागणं काय, आणि ते मागणं कोण पुढे नेणार. तिसऱ्याला नाव नसेल तर भाषण पुढे ढकलतो. यात करमणुकीची, कवितेची भाषणं मागे पडली अशी काहींची तक्रार आहे. ती मी मान्य केली आणि महिन्यातला एक सोमवार मोकळा ठेवला.

वेगळं काय करता आलं असतं

भाषण एप्रिलमध्ये ठेवायला हवं होतं. मेच्या मध्यावर ऐकलं, त्यामुळे जूनमधली घाई आणि त्या घाईतून गमबूट.

खरेदीआधी एका वाडीत एक दिवस घालवायला हवा होता. क्लबच्या बैठकीत एकही शेतमजूर बाई नसते, हे माहीत असताना तिच्या पायात काय घालायचं ते आम्ही ठरवलं.

डॉक्टरांना एकदा बोलावून सोडून द्यायला नको होतं. फलकाची चूक तिथून आली. तांत्रिक विषयात वक्ता हा शेवटपर्यंत तपासनीस राहिला पाहिजे.

आणि वकीलसाहेबांच्या विद्येचा उपयोग उशिरा झाला. सर्पदंशाने शेतकरी कुटुंबातलं कुणी गेलं तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेतून वारसांना दोन लाख रुपये मिळू शकतात. पण शवविच्छेदन न करता अंत्यसंस्कार झाले की दावा अडू शकतो. एका घरी दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं, ते आम्हाला डिसेंबरात कळलं. आता महिन्यातून एकदा वकीलसाहेब एका वाडीत बसून कागद बघतात.

पुढे

मे महिन्यात डॉक्टरांची बदली झाली. निरोपाचं भाषण त्यांनी सभागृहात दिलं नाही. आजोबांच्या वाडीत देवळासमोरच्या अंगणात दिलं. रक्त घातलेली नळी तशीच उभी ठेवली, वीस मिनिटांनी ती आजोबांना उचलायला सांगितली. त्यांनी ती कंदिलासमोर धरून तिरकी केली आणि डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

नवीन वैद्यकीय अधिकारी रुजू झाल्या त्या आठवड्यात आम्ही त्यांना भेटलो. तोच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, रात्री रुग्णाबरोबर आलेल्या माणसांना बसायला जागा नाही, पावसात पायऱ्यांवर भिजत बसतात, आणि सकाळी त्यातलंच कुणीतरी तापाने दाखल होतं. पत्र्याची शेड, दोन बाकडी आणि पिण्याचं पाणी. विषय येत्या सोमवारच्या सभेपुढे आहे. या वेळी आधी दोन रात्री तिथे जाऊन बसायचं, त्यासाठी तिघांनी नावं दिली आहेत.